डब्ल्यू एम २० : एका क्रमांकाची पाठचिकित्सा

एम.ए.च्या वर्गात पाठचिकित्सा हा विषय सुरू झाला की विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांवर एक सोशिक भाव पसरतो. पोथ्या, त्यांची कुळे, लेखनिकांचे हस्तदोष, मान्य पाठ आणि त्याज्य पाठ हे सगळे परीक्षेपुरते पाठ करायचे आणि विसरून जायचे, असा त्यांचा ठराव असतो. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. 'एका अक्षराने काय बिघडते?' हा प्रश्न मीही विद्यार्थी असताना विचारला होता, आणि त्याचे उत्तर मला ग्रंथालयात मिळाले नाही. ते मिळाले आमच्या साताऱ्याच्या घरातील एका पत्र्याच्या ट्रंकेत. त्या ट्रंकेत आजोबांच्या मोटारसायकलीची कागदपत्रे आहेत. ती मोटारसायकल पुन्हा नोंदवून तिचा विमा उतरवावा, असा उद्योग मी गेल्या वर्षापासून आरंभला आहे. त्यात मला जे वाचावे लागले ते कोणत्याही पोथीइतकेच गुंतागुंतीचे निघाले, म्हणून हा लेख.

गाडी बी.एस.ए. कंपनीची, एम २० या प्रकारची. बी.एस.ए. म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. नावाप्रमाणेच हा मुळात १८६१ साली स्थापन झालेला बंदुकांचा कारखाना. तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्याचे चिन्ह त्यांच्या मोटारसायकलींवरही असे. एम २० हे ४९६ सीसीचे, एका सिलिंडरचे, साइड व्हॉल्व्ह पद्धतीचे इंजिन १९३७ मध्ये बाजारात आले. वेगासाठी त्याची ख्याती कधीच नव्हती. पण दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि या जड, संथ, सहज दुरुस्त होणाऱ्या यंत्राला ब्रिटिश लष्कराने जवळ केले. सुमारे सव्वा लाख एम २० तयार झाल्या. नोव्हेंबर १९४० मध्ये स्मॉल हीथ येथील या कारखान्यावर जर्मन बॉम्ब पडले आणि त्रेपन्न कामगार मृत्युमुखी पडले, तरी उत्पादन चालूच राहिले. या गाड्या उत्तर आफ्रिकेत गेल्या, ब्रह्मदेशाच्या आघाडीमागे आल्या, आणि युद्ध संपल्यावर जिथल्या तिथे उरल्या. हिंदुस्थानात अशा उरलेल्या लष्करी मालाची विल्हेवाट हे एक स्वतंत्र सरकारी खातेच होऊन बसले होते. 'डिस्पोजलचा माल' हा शब्द आमच्या आजोबांच्या पिढीत घरोघरी परिचयाचा होता. डिस्पोजलचे ब्लँकेट, डिस्पोजलची पेटी, डिस्पोजलचा जनरेटर. तशी आबांची डिस्पोजलची मोटारसायकल. आबा युद्धात लष्कराच्या वाहन दुरुस्ती विभागात होते. त्यांनी ती लिलावात घेतली आणि १९४८ साली आपल्या नावावर नोंदवली.

येथून क्रमांकांचा प्रश्न सुरू होतो. प्रत्येक वाहनाला दोन प्रकारची नावे असतात. एक कारखान्याने धातूवर ठोकून दिलेले, म्हणजे सांगाड्यावरचा चेसिस क्रमांक आणि इंजिनवरचा इंजिन क्रमांक. दुसरे सरकारने दिलेले, पाटीवर रंगवायचे. पाळण्यातले नाव आणि शाळेच्या दाखल्यातले नाव असा हा भेद म्हणता येईल. लष्करी एम २० ला तिसरेही नाव असे. इंधनाच्या टाकीवर रंगवलेला, सी अक्षराने सुरू होणारा लष्करी क्रमांक. मोटारसायकलींसाठी ते अक्षर ठरलेले होते. लिलावानंतर तो रंगाखाली गेला. उरले धातूवरचे दोन. त्यांच्या आरंभी 'डब्ल्यू एम २०' अशी अक्षरे येतात. एम २० हा प्रकार. डब्ल्यू म्हणजे युद्धकाळातले लष्करी उत्पादन.

या क्रमांकांच्या तीन विशेषांमुळे पुढचा सारा घोळ झाला. सांगाडा आणि इंजिन यांचे क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत. त्या काळी बी.एस.ए.मध्ये ते जुळवण्याची रीतच नव्हती. दोन्ही क्रमांकांचा आरंभ मात्र सारखाच असतो, त्यामुळे कोणता कशाचा हे नुसत्या कागदावरून कळत नाही. शिवाय लष्करी कार्यशाळांमध्ये दुरुस्तीला आलेल्या गाड्यांची इंजिने सर्रास अदलाबदल होत. एका गाडीचे इंजिन दुसऱ्या सांगाड्यात बसवून ती परत रस्त्यावर आणणे हेच त्या कार्यशाळांचे काम होते. आबा स्वतः ते करत असत. म्हणजे 'मूळ गाडी' ही कल्पनाच येथे डळमळीत आहे. आपल्या संतवाङ्मयाच्या अभ्यासकांना ही अवस्था अपरिचित नसावी.

आता थोडे कायद्याच्या इतिहासाकडे वळले पाहिजे. हिंदुस्थानात मोटारींसाठी पहिला सर्वदेशीय कायदा १९१४ चा. त्याची दृष्टी मुख्यतः परवाना, वेग आणि कर यांच्यावर होती. १९३९ चा मोटार वाहन कायदा याहून पुष्कळ सविस्तर होता, आणि त्याच्या आठव्या प्रकरणात एक नवी गोष्ट होती. वाहन रस्त्यावर आणायचे तर त्रयस्थ व्यक्तीला होणाऱ्या इजेसाठी विमा उतरवलाच पाहिजे. ब्रिटनमध्ये ही सक्ती १९३० च्या कायद्याने आली होती. आपल्याकडे कायदा १९३९ चा, पण विम्याचे प्रकरण प्रत्यक्षात लागू झाले १ जुलै १९४६ रोजी. मधली वर्षे बहुतेक युद्धात गेली. आबांची गाडी ज्या काळात रंग बदलून नागरी जीवनात आली, त्याच काळात विम्याची ही सक्तीही नवी होती.

'त्रयस्थ' हा शब्द थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. विम्याच्या करारात पहिला पक्ष मालक, दुसरा कंपनी. तिसरा कोण, हे करार करताना कोणालाच ठाऊक नसते. त्याचे नाव नसते, सही नसते, त्याने हप्ता भरलेला नसतो. तो उद्या रस्त्यावर कोठेतरी उभा असणार आहे, एवढेच. या अनोळखी माणसाला मालकाशी आणि मालकाला कंपनीशी जोडणारा दुवा म्हणजे वाहनाचा क्रमांक. जुन्या गाड्यांचे शौकीन क्रमांकाकडे वंशावळीसारखे पाहतात. 'मॅचिंग नंबर' असला की त्यांना धन्यता वाटते. मलाही आरंभी तसेच वाटत होते. ट्रंकेतले कागद वाचल्यावर वाटेनासे झाले.

१९६७ च्या मार्च महिन्यात कऱ्हाडजवळ आबांच्या मोटारसायकलीची धडक एका हमालाला बसली. गुळाच्या पेठेत पोती वाहणारा, तिशीतला माणूस. डावा पाय मांडीपासून मोडला. आबांनीच त्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेले, ही कथा आमच्या घरात अनेकदा सांगितली गेली आहे. त्यापुढची कथा मात्र आबा निराळ्या सुरात सांगत. विमा कंपनीच्या वकिलाला न्यायाधीशांनी कसे गप्प केले, याची ती कथा. त्यात विनोद होता, नकला होत्या, आणि लहानपणी आम्ही त्यावर हसत असू.

१९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघातांच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची सोय झाली होती. त्यापूर्वी जखमी माणसाला दिवाणी न्यायालयात रीतसर कोर्ट फी भरून दावा लावावा लागे. हमालाला ते कोठून जमणार? नव्या सोयीमुळे त्याने पाच हजार रुपयांचा दावा लावला. विमा तेव्हा खासगी कंपन्यांकडे होता (सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण १९७३ चे). त्या कंपनीने बचाव घेतला तो असा : अपघात करणारी गाडी आणि आम्ही विमा उतरवलेली गाडी या दोन वेगळ्या गाड्या आहेत.

हे म्हणणे वरकरणी हास्यास्पद वाटते. पण कागद समोर मांडले की तितके हास्यास्पद राहत नाही. आर.सी. बुकात, म्हणजे नोंदणी पुस्तकात, इंजिन क्रमांक 'एम एम २०' असा सुरू होतो आणि शेवटचे दोन आकडे ११ आहेत. विमा पॉलिसीतही तेच, एम एम २० आणि शेवटी ११. पोलिसांच्या पंचनाम्यात, अपघातस्थळी गाडी पाहून, 'डबल्यू यम २०' असे ठसठशीत देवनागरीत लिहिले आहे, आणि इंजिन क्रमांकाच्या रकान्यात जो आकडा आहे तो पुस्तकातल्या इंजिन क्रमांकाशी कोठेच जुळत नाही. चेसिसच्या रकान्यातला आकडा पुस्तकातल्या चेसिस क्रमांकाशी जुळत नाही. इंजिन जुळत नाही, चेसिस जुळत नाही. वकिलाने विचारले, मग जुळते काय?

मी हे तीन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि चौथा साक्षीदार म्हणून टॉर्च घेऊन अंगणातल्या गाडीकडे गेलो. सिलिंडरच्या बुडाशी, क्रँककेसवर, घासलेटाने तेलकट काजळी पुसून काढल्यावर अक्षरे दिसली. डब्ल्यू एम २०, आणि शेवटी ७१. त्यातल्या ७ ची आडवी रेघ इतकी झिजली आहे की संध्याकाळच्या उजेडात तो १ च दिसतो. पंचनाम्यात हा आकडा आहे; पण तो चेसिसच्या रकान्यात आहे. आणि पंचनाम्यातल्या इंजिनच्या रकान्यात आहे तो सांगाड्यावरचा क्रमांक, जो आर.सी. बुकातल्या चेसिस क्रमांकाशी अंकाअंकाने जुळतो.

पाठचिकित्सेचे पुस्तक उघडून बसलेल्या विद्यार्थ्याला याहून चांगला धडा कोणी द्यावा? १९४८ च्या कारकुनाची नजर डब्ल्यूवरून पुढच्या एमवर गेली आणि एकच अक्षर दोनदा उतरले. हा द्विरुक्तीचा दोष. पोथ्यांत पावलोपावली आढळतो. ७ चा १ झाला तो सादृश्यामुळे. पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराने अक्षरे बिनचूक वाचली, पण दोन ओळींची जागा बदलली. हा स्थानांतराचा दोष. आणि त्याला तरी काय म्हणावे? दोन्ही क्रमांक एकाच अक्षरांनी सुरू होतात. मोटारसायकलच्या पोटाकडे वाकून एकाने वाचायचे, दुसऱ्याने उभ्याने लिहायचे, भोवती गर्दी, आणि बैलगाडी नुकती दवाखान्याकडे गेलेली.

कंपनीच्या वकिलाचा खरा जोर दुसऱ्याच मुद्द्यावर होता. आर.सी. बुक आणि पॉलिसी हे दोन कागद परस्परांशी जुळतात, एकटा पंचनामा वेगळा पडतो. तेव्हा दोहोंचे मत ग्राह्य धरावे. निकालपत्राची टंकलिखित प्रत ट्रंकेत आहे. त्यात न्यायाधीशांनी या मुद्द्याला दिलेले उत्तर साध्या भाषेत आहे. पॉलिसी लिहिणाऱ्याने गाडी पाहिलेलीच नाही. त्याने पुस्तकातून उतरवून घेतले. पुस्तकातली चूक पॉलिसीत आली यावरूनच ते सिद्ध होते. म्हणजे हे दोन साक्षीदार नव्हेत, एकच आहे. पंचनामा लिहिणाऱ्याने प्रत्यक्ष धातू पाहिला. रकाने चुकले, पण आकडे स्वतंत्र आहेत. आणि तिन्ही कागदांवर नोंदणी क्रमांक, म्हणजे पाटीवरची तीन अक्षरे आणि चार आकडे, एकच आहे. सबब गाडी तीच.

साक्षी मोजायच्या नसतात, तोलायच्या असतात. समान चुका या समान उगमाच्या खुणा असतात. हे आम्ही वर्गात महाभारताच्या भांडारकर प्रतीची उदाहरणे देऊन सांगतो. साताऱ्याच्या त्या न्यायाधीशांनी पाठचिकित्सेवरचे एखादे पुस्तक वाचले असेल असे मला वाटत नाही. पुराव्याची शिस्त त्यांना तेथवर घेऊन गेली.

आबांची गोष्ट येथे संपत असे. कागद मात्र पुढे आहेत. निकाल लागला १९७१ मध्ये. भरपाई मंजूर झाली दोन हजार दोनशे रुपये. पावतीवर सही नाही, निळ्या शाईचा अंगठा आहे. चार वर्षे तो माणूस पोती उचलू शकत नव्हता, हे त्याच निकालपत्रात एका वाक्यात नोंदलेले आहे. एका झिजलेल्या ७ मुळे आणि एका जादा एममुळे चार वर्षे. आमच्या घरातल्या हसण्यात हा माणूस कधी आला नव्हता. त्याला कथेतून वगळण्याचा आबांचा हेतू असेल असे नाही. पण आपली बाजू खरी ठरल्याच्या आनंदात, मुळात धडक आपण दिली होती, हे मागे पडले. मला वाटते, कौटुंबिक इतिहासाचा बराचसा भाग अशाच पाठांतून सिद्ध होतो.

कायदा त्यानंतर सरकत गेला, आणि सरकला तो योग्य दिशेने. १९८२ च्या दुरुस्तीने, चूक कोणाची हे सिद्ध होण्यापूर्वीच काही रक्कम देण्याचे तत्त्व आले : मृत्यू झाल्यास पंधरा हजार, कायमचे अपंगत्व आल्यास साडेसात हजार. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२२ पासून अमलात आलेल्या तरतुदींनुसार हे आकडे पाच लाख आणि, गंभीर इजेसाठी, अडीच लाख असे झाले. वाहन कोणते हे ठरण्यावर मात्र आजही सारे अवलंबून आहे. धडक देऊन पळालेल्या, म्हणजे क्रमांक हाती न लागलेल्या वाहनासाठी जी वेगळी योजना आहे तिच्यात मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर इजेसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. क्रमांक ठाऊक असणे आणि नसणे यांतला फरक इतका सरळ रुपयांत मोजलेला अन्यत्र क्वचितच दिसेल.

वाहनांच्या नावांची पद्धतही दरम्यान बदलली. १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि पाट्यांवर राज्याची दोन अक्षरे व कार्यालयाचा आकडा दिसू लागला. एमएच-११ म्हणजे सातारा, हे आता पोरांनाही ठाऊक असते. जुन्या तीन अक्षरी पाट्या अवैध ठरल्या नाहीत, पण त्या वृद्धांसारख्या विरळ होत गेल्या. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांपुरती आणि पुढे पाच-पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण, ही पद्धत रुळली. कारखान्यांच्या क्रमांकांतही जगभर एकवाक्यता आली. सतरा अक्षरांकांचा वाहन ओळख क्रमांक अमेरिकेत १९८१ पासून सक्तीचा झाला, आणि पुढे आपल्याकडेही तीच पद्धत रूढ झाली. त्यात आय, ओ आणि क्यू ही रोमन अक्षरे वापरतच नाहीत, कारण ती एक आणि शून्य यांच्याशी गोंधळतात. हे वाचले तेव्हा मला त्या योजनाकारांविषयी आदर वाटला. लेखनिक चुकणारच हे गृहीत धरून, चुकीची अक्षरेच वर्णमालेतून काढून टाकणारे दुसरे संपादक मला ठाऊक नाहीत.

परंतु जे या एकवाक्यतेच्या आधीचे आहे त्याचे काय? आजोबा १९९१ साली वारले. वडिलांनी काही काळ नूतनीकरण केले. २००७ नंतर ते राहिले. मी परिवहन कार्यालयात कागद घेऊन गेलो तेव्हा खिडकीवरच्या तरुण कर्मचाऱ्याने आर.सी. बुक उलटसुलट करून पाहिले. जुन्या हस्तलिखित नोंदी आता संगणकात चढवाव्या लागतात. त्याने चेसिस क्रमांक वाचला आणि अगदी सौजन्याने विचारले, "सर, बाकीचे आकडे कुठे आहेत?" मी म्हणालो, बाकीचे आकडे नाहीत; हा एवढाच आहे. त्याला ते पटले नाही. त्याच्या दृष्टीने ही खंडित प्रत होती.

विम्याची खिडकी वेगळी, पण प्रश्न तोच. विमेदाराला चालू नोंदणी हवी. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी चालू विमा हवा. या चक्रातून मार्ग निघतो, पण तो अर्ज, तपासणी आणि पुष्कळ चहा यांतून. वयाने मोठ्या गाडीच्या किमतीचेही कोडेच आहे. पाच वर्षांवरच्या किंवा बंद झालेल्या प्रकारच्या गाडीचे विमामूल्य मालक आणि कंपनी यांनी आपसात ठरवायचे, असे २००२ च्या मोटार दरपत्रकातच म्हटले आहे. त्याच दरपत्रकात 'व्हिंटेज' मोटारींना सवलत आहे, पण ती ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेल्यांना. आमची त्यानंतरची. २०२२ च्या अधिसूचनेत त्रयस्थ विम्याच्या हप्त्यात व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी कारला निम्मी सूट आहे. दुचाकीचा त्यात उल्लेख नाही. आणि हप्ता ठरतो तो सीसीवरून : ३५० सीसीच्या वर सगळ्यात मोठा गट, त्या अधिसूचनेप्रमाणे वर्षाला २,८०४ रुपये. चढावर धापा टाकणारी ही आजीबाई विम्याच्या दृष्टीने आजच्या सुसाट गाड्यांच्या पंगतीत बसते. याबद्दल माझी तक्रार नाही. ती रक्कम कोणासाठी आहे हे आता मला ठाऊक आहे.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्याने नोंदणी वीस हजार रुपये, दहा वर्षांसाठी. पुनर्नोंदणी पाच हजार. नव्याने नोंदणाऱ्यांना पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे मिळतात. ज्यांची आधीच नोंद आहे त्यांना जुना क्रमांक राखता येतो. तपासणीसाठी समिती असते, आणि चेसिस, बाह्यांग वा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. हे सर्व स्तुत्यच. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. वडिलांचा याला विरोध आहे. "फुलं वाहायची असतील तर फोटो आहे ना आबांचा," असे ते म्हणतात. त्यांना गाडी रविवारी बाजाराला न्यायची आहे. म्हणजे सामान्य नूतनीकरणाचा मार्ग, वारसाहक्काने नावबदल, पर्यावरण कर आणि आर.सी. बुकातल्या क्रमांकाची दुरुस्ती.

या दुरुस्तीपाशी अडले. कार्यालयाबाहेर बसणाऱ्या एका एजंटाने माझी अडचण ऐकली आणि अत्यंत सहजपणे तोडगा सुचवला. "सर, पुस्तक दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. वर्ष जाईल. इंजिनवरचाच नंबर घासून टाकू आणि पुस्तकात आहे तसा पंच करून देऊ. कुणाला कळतंय?"

हे बेकायदेशीर आहे, हे उघड आहे. चोरीच्या गाड्यांचे काय होते हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. पण क्षणभर मला मोह झाला, हेही कबूल केले पाहिजे. कागद बदलायला वर्ष लागणार आणि लोखंड बदलायला अर्धा तास. घरी परतताना शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण करणारे एकनाथ आठवले. कोणी आपली ओवी त्यात घालू नये, अशी त्यांनी पुढच्यांना दिलेली ताकीद आम्ही दरवर्षी शिकवतो. राजवाड्यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ज्ञानेश्वरीचेही तसेच. मूळ पोथी पुढे अभ्यासकांना पडताळायला मिळाली नाही आणि त्या पाठाचा वाद मिटला नाही. येथे तर प्रत समोर आहे, डोळ्यांनी वाचता येते. ती घासायची, आणि कशासाठी? १९४८ च्या एका थकलेल्या कारकुनाच्या चुकीला मूळ ठरवण्यासाठी. उद्या पुन्हा कऱ्हाडच्या रस्त्यावर कोणी आडवे आले, तर त्याच्या वकिलाच्या हाती काय उरेल?

ज्या देशात ही गाडी जन्मली तेथे १९८३ पासून एक निराळी सोय आहे. ज्या वाहनाचे वय वा ओळख निश्चित सांगता येत नाही त्याला क्यू या अक्षराने सुरू होणारा क्रमांक देतात. जुन्या गाड्यांच्या मालकांना तो कलंक वाटतो, कारण किंमत उतरते. मला ती पद्धत प्रामाणिक वाटते. संशोधित आवृत्तीत संदिग्ध शब्दाखाली नागमोडी रेघ काढतात, तसे ते अक्षर आहे.

शेवटी मी १९७१ च्या निकालपत्राची साक्षांकित प्रत जोडून दुरुस्तीचा अर्ज केला. क्रमांक कोणता खरा हे एका न्यायाधिकरणाने पूर्वीच ठरवलेले आहे, तेव्हा नव्याने वाद नको, अशी विनंती. अर्जासोबत क्रमांकाचा ठसा लागतो. त्याची रीत शिलालेखांच्या अभ्यासकांना ओळखीची वाटेल. पातळ कागद धातूवर दाबून धरायचा आणि वरून पेन्सिल आडवी फिरवायची. खोलगट अक्षरे पांढरी राहतात. अक्षीच्या शिलालेखाच्या शकाविषयी अभ्यासकांत जे मतभेद झाले तेही झिजलेल्या अक्षरांच्या वाचनावरूनच. तो दगड समुद्राच्या वाऱ्यात उभा होता, आमचे इंजिन तेलात.

तपासणीच्या दिवशी निरीक्षकांनी माझा ठसा पाहिला आणि तो बाजूला ठेवून स्वतः नवा कागद मागितला. मला ते आवडले. ते गुडघ्यावर बसले, चष्मा कपाळावर सरकवला, कागद क्रँककेसवर धरून पेन्सिल फिरवली. मग तो कागद उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "हा सात आहे. रेघेची सुरुवात आहे बघा, इथं डावीकडे." त्यांनी आपल्या वहीत डब्ल्यू एम २० लिहिले, शेवटी ७१ लिहिले, आणि सांगाड्याचा क्रमांक घेण्यासाठी गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेले. वडील तिकडे उभे होतेच. त्यांनी हँडल एका बाजूला वळवून धरले.